लेकीची मॅच आणि माझी अनुमोदना



संवत्सरीचं प्रतिक्रमण झालं की आपण फोन हातात घेतो आणि सुरू होतो: नणंद, जाऊ, मावशी, व्याही, कॉलनीतल्या सगळ्या. ज्यांचं वर्षभरात काही वाकडं केलेलं नाही त्यांना आधी फोन. ज्यांचं खरंच केलंय, त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि तिथेही आवाज असा घाईचा की समोरच्यानं काही विचारू नये. लेकीला मी गेली आठ वर्षं असंच घाऊक मिच्छामि दुक्कडं म्हणत आलेय. यंदा किरकोळीत म्हटलं. ते तुम्हाला सांगायचं आहे, पण त्यासाठी थोडं मागून यावं लागेल.

२००८ च्या डिसेंबरमध्ये एका पहाटे माझ्या सासऱ्यांच्या डाव्या पायात कळ आली. चांगले चालते-फिरते होते, रोज कॅम्पातून मोसम पुलापर्यंत चालत जाणारे. पाय गार पडला होता. आम्हाला वाटलं, थंडीनं आखडला. तेल चोळलं, विटेचा शेक दिला. गावातल्या डॉक्टरांनी वाताचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी बोटं निळी दिसायला लागली तेव्हा घाबरलो, पण रात्री कुठे न्यायचं म्हणून सकाळची वाट बघितली. मालेगाव ते नाशिक शंभरेक किलोमीटर. तिथे पोहोचलो तोवर पायाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी सुटून पायाच्या धमनीत अडकली होती. अशा वेळी साधारण सहा तास हातात असतात. रक्तवाहिन्यांचा सर्जन मिळाला तर जांघेत छोटी चीर देऊन एक बारीक नळी आत सरकवतो, तिच्या टोकाचा फुगा फुगवतो आणि ओढत बाहेर आणतो, गुठळी त्याच्याबरोबर येते. फोगार्टी नावाच्या अमेरिकन माणसाने ही नळी काढली, १९६३ मध्ये ती जगापुढे आली. पहिला फुगा त्याने रबरी हातमोज्याच्या बोटाचा केला होता. माझी मुलगी तेव्हा अकरावीला होती. तिनं हे सगळं ऐकलं, आणि घरी येऊन आपल्या दादाजींच्या उरलेल्या पायाची नाडी रोज बघायला लागली. पायालाही नाडी असते, घोट्याच्या आतल्या बाजूला आणि पावलावर, हे मला तिच्याकडून कळलं. तुम्हीही घरातल्या मोठ्यांची एकदा बघा, मधुमेह असेल तर नक्कीच.

२०१० ला ती एमबीबीएसला लागली. इथपर्यंत सगळे खूश. डॉक्टर मुलगी, स्थळांना काय कमी. आमच्या घरात स्त्रीरोग किंवा त्वचारोग एवढंच ठरलेलं होतं, म्हणजे आम्ही ठरवलेलं होतं. इंटर्नशिपमध्ये असताना तिनं सांगितलं, मम्मी, मला व्हॅस्क्युलर सर्जन व्हायचंय.

रस्ता समजून घेतला तर छाती दडपली. आपल्याकडे एमबीबीएसनंतर प्रवेश परीक्षा, तीन वर्षं जनरल सर्जरीची एमएस, मग पुन्हा देशपातळीवरची परीक्षा, पुन्हा तीन वर्षं व्हॅस्क्युलर. मधल्या तयारीची वर्षं वेगळीच. अमेरिकेत मात्र २००६-०७ पासून एक नवी सोय निघाली होती. तिथे पूर्वी पाच वर्षं जनरल सर्जरी आणि वर दोन वर्षं व्हॅस्क्युलर असं करावं लागायचं, त्याऐवजी मेडिकल कॉलेज संपल्यावर थेट पाच वर्षांचं एकत्रित प्रशिक्षण. पहिल्या दिवसापासून तुम्ही व्हॅस्क्युलरचेच. जागा मात्र मोजक्या, ती अर्ज करत होती त्या वर्षी सगळ्या अमेरिकेत मिळून साठच्या आसपास, आणि त्यासाठी तिथल्याच हुशार मुलांची झुंबड. बाहेरच्या देशातल्या मुलीला तिथल्या परीक्षा देऊन पात्रतेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, तिथल्या डॉक्टरांची शिफारसपत्रं लागतात, आणि ती मिळवायला तिथे जाऊन बिनपगारी निरीक्षक म्हणून उभं राहावं लागतं. ती तीन महिने राहून आली. आम्ही एफडी मोडली.

त्यांची निवडीची पद्धत ऐकून मला हसू आलं होतं. तिला ते मॅच म्हणतात. मुलं अर्ज करतात, हॉस्पिटलं मुलाखती घेतात, आणि शेवटी दोघंही आपापल्या पसंतीची क्रमवार यादी देतात. कोणी कोणाला काय नंबर दिला ते कोणालाच कळत नाही. कॉम्प्युटर दोन्ही याद्या जुळवतो. म्हणजे आपला परिचय मेळावाच की, मी म्हटलं, बायोडाटा, फोटो, बघण्याचा कार्यक्रम आणि मग पसंती. लेक म्हणाली, मम्मी, तू बोललीस ते खरंच आहे. गेल आणि शॅप्ले या दोन गणितज्ञांनी १९६२ मध्ये एक लेख लिहिला, त्यात कॉलेजचे प्रवेश आणि लग्नं दोन्ही एकाच हिशेबानं जुळवून दाखवली होती, आणि मॅचचा हिशेब त्याच जातीचा आहे. शॅप्लेंना २०१२ मध्ये त्या कामाचं नोबेलही मिळालं. फरक एवढाच, की आपल्याकडे पसंती आल्यावरही मामा नाही म्हणू शकतो, तिथे एकदा जुळलं की बांधील.

मुलाखतीला दोनच बोलावणी आली. डिसेंबरचे दिवस. डब्यात खाकरे, मुगाचे पापड, कोरड्या चटण्या, मेथीच्या पुऱ्या दिल्या. तिथे हिवाळ्यात साडेचारलाच सूर्य मावळतो, त्यामुळे चौविहार सांभाळायचा तर दुपारी जेवण झालं की दिवस संपला. आणि तेव्हा तिथली रीत अशी होती की मुलाखतीच्या आदल्या रात्री तिथले शिकाऊ डॉक्टर उमेदवारांना जेवायला न्यायचे, आणि माणूस कसा आहे ते तिथे बघायचे. एका टेबलावर सगळे खातायत, पितायत, आणि माझी लेक समोर रिकामी थाळी घेऊन रात्रीचे नऊपर्यंत हसून बोलतेय. कोणी विचारलं तर सांगायची, न विचारल्यास नाही. फोनवर मला म्हणाली, भूक नाही लागत गं, पण हात कुठे ठेवायचे कळत नाही.

आता माझं सांगते.

त्या फेब्रुवारीत मी रोज एक जास्तीची सामायिक करत होते. अठ्ठेचाळीस मिनिटं. कोणी विचारलं तर सांगायची, लेकीच्या हिताचं होवो म्हणून. पण मला माहीत होतं मी काय मागत होते. नको होऊ दे. ती तिकडे गेली तर तिकडचीच होणार, पंचवीस पूर्ण होतील, चांगली स्थळं हातची जातील, शिवाय चाकू, रक्त, रात्री-अपरात्रीचं जेवण. एक घरही डोळ्यापुढे होतं, धुळ्याचं. मी त्यांना तोपर्यंत थांबा असं म्हणून ठेवलं होतं. हे लेकीला माहीत नव्हतं, यांनाही नव्हतं.

१३ मार्च २०१७, सोमवार. धुळवड होती. मॅच झाली की नाही एवढंच त्या दिवशी कळतं, कुठे झाली ते शुक्रवारी. आमची जेवणं कधीच उरकली होती, गल्लीतला रंग वाळला होता. रात्री मेल आला. तिनं वाचला, फोन उलटा करून ठेवला आणि गच्चीवर गेली. मॅच झाली नव्हती.

माझ्या छातीवरचं ओझं असं उतरलं की मला क्षणभर बसावं लागलं. मैत्रिणींनो, मी खूश झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नवकारशीनंतर मी मुगाच्या डाळीचा शिरा केला, तिच्या आवडीचा, भरपूर तूप, केशर घालून. सगळ्यांना वाटलं, आई आहे, लेकीचं दुःख हलकं करायला करतेय. सासूबाईंनी कौतुकही केलं. डाळ परतायला तास लागतो, हात भरून येतो, तो तासभर मी मनात गुणगुणत होते. आणि ती समोर बसून डोळे पुसत तोच शिरा खात होती.

आपल्याला लहानपणापासून शिकवतात की कर्म तीन वाटांनी बांधलं जातं: स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि अनुमोदणं. मी तिची मॅच मोडली नव्हती. कोणाकडून मोडवलीही नव्हती. तिसरी वाट मात्र मी तुपात परतून वाढली होती.

धुळ्याचं स्थळ पुढे सरकलं नाही, त्यांनीच नाही म्हटलं. ते असो.

ती थांबली नाही. जानेवारी २०१८ ला नीट-पीजी दिली, एमएस जनरल सर्जरीला लागली, महाराष्ट्रातच. त्या तीन वर्षांबद्दल ती फार बोलत नाही. एकदा सलग दोन रात्रींनंतर घरी आली आणि चप्पल घालूनच झोपली, एवढं आठवतं. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत आपलं मालेगाव करोनासाठी देशभर टीव्हीवर होतं, आम्ही घरात कोंडलेले, आणि ती दुसऱ्या शहरात वॉर्डात. मग दुसरी लाट आली तेव्हा करोनाच्या पेशंटांच्या पायात गुठळ्या व्हायला लागल्या. तरुण माणसं, पाय गार. ती फोगार्टीची नळी तिनं तेव्हा आपल्या हातानं घातली, सिनियर शेजारी उभे असताना. रात्री अडीचला यांच्या फोनवर मेसेज आला, पप्पा, नाडी लागली. यांनी मला उठवून दाखवला. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. सासऱ्यांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

जानेवारी २०२२ ला नीट-एसएस. त्यातही पसंतीक्रमाची यादी असते, पण मुलाखत नाही, आदल्या रात्रीचं जेवण नाही, गुण आणि नंबर एवढंच. या बाबतीत मला आपली पद्धत आवडते. बंगळूरला भगवान महावीर जैन हॉस्पिटलमध्ये रक्तवाहिन्यांची वेगळी संस्था आहे, जैन इन्स्टिट्यूट ऑफ व्हॅस्क्युलर सायन्सेस, तिथे या विषयाचं शिक्षण होतं. नाव ऐकून सासूबाईंनी ठरवूनच टाकलं की नात तिथेच जाणार. नंबर तिथपर्यंत पोहोचला नाही, दुसऱ्या शहरात मिळालं. तीन वर्षांची डीआरएनबी.

पहिल्या वर्षी मी दोन महिने तिच्याकडे राहायला गेले. तेव्हा मला कळलं की या कामाचा अर्धा भाग आपल्या हातातला आहे. शिवण! रक्तवाहिनी जोडायची म्हणजे केसासारख्या धाग्यानं दोन नळ्यांची तोंडं अशी शिवायची की आतून एकही दोरा, एकही कड डोकावता कामा नये, नाहीतर तिथेच गुठळी. सुई आतून बाहेर न्यायची, बाहेरून आत नाही, कारण आजारी धमनीचा आतला थर बाहेरून ढकलला की सुटतो आणि पडद्यासारखा वाट अडवतो. हे पहिल्यांदा नीट बसवलं ते फ्रान्सच्या अलेक्सी कारेलनं. तो लिऑं शहरात एका भरतकाम करणाऱ्या बाईकडे सुईकाम शिकला होता. १९१२ चं नोबेल त्याला मिळालं. युक्ती त्याची अशी: गोल तोंडाला तीन ठिकाणी टाके घेऊन ताणायचं, म्हणजे गोलाचा त्रिकोण होतो, मग तीन सरळ बाजू शिवायच्या. माझी आई ब्लाउजची बाही बसवताना तीन टाचण्या लावायची, तेच हे.

बाकीची मुलं सरावाला मांसाच्या दुकानातून काहीबाही आणायची. आमच्या घरात ते शक्य नव्हतं. ती रबरी नळ्यांवर करायची, केळीच्या सालीवर करायची. मी तिला आपल्या मालेगावच्या मागावरचं पॉलिस्टर कापड नेऊन दिलं, बोटाएवढ्या नळ्या शिवून. तिनं हातात घेतल्या आणि हसत सुटली. म्हणाली, मम्मी, डबेकींनी हेच केलं होतं. ह्यूस्टनचे डॉक्टर मायकेल डबेकी. १९५० च्या दशकात ते दुकानात नायलॉन घ्यायला गेले, ते संपलेलं होतं, म्हणून डेक्रॉन घेऊन आले. डेक्रॉन म्हणजे पॉलिस्टरच. बायकोच्या शिलाई मशीनवर त्याची नळी शिवली आणि पोटातली फुगलेली महाधमनी बदलायला वापरली. शिवण त्यांना आईनं शिकवलेली. आजही त्या नळ्या विणलेल्याच असतात. रात्रंदिवस खडखडणाऱ्या मागांच्या गावात जन्म काढला, पण माणसाच्या आत कापड घालतात हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

त्याच मुक्कामात एका रात्री तिनं मला हेपॅरिनचं सांगितलं. धमनीला चिमटा लावण्याआधी रक्त गोठू नये म्हणून हे औषध द्यावंच लागतं, जवळजवळ प्रत्येक ऑपरेशनला. आणि ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतं. नंतर त्याचा परिणाम उतरवायला जे देतात ते माशापासून. मी ताटावरून उठले. मग परत बसले, कारण ती माझ्याकडेच बघत होती.

म्हणाली, मी खूप शोधलं मम्मी. ऑपरेशनमध्ये त्याची जागा घेईल असं अजून काही माझ्या हाताशी नाही. जिथे पर्याय आहे तिथे मी घेते. दोरा प्लास्टिकचा, तातीचा नाही. ठिगळ लावायचं तर गाईच्या पडद्याचं मिळतं, पण पेशंटची स्वतःची शीर चालत असेल तर ती घेते, पायाच्या बायपासला तीच सगळ्यात चांगली. डेक्रॉनच्या नळीलाही काही कंपन्या जनावराच्या जिलेटिनचा लेप देतात, तेही वाचून बघते. पण हेपॅरिन मी देते. रोज देते. पाठीमागे लपत नाही, पेशंटनं विचारलं तर सांगते. मागाचे कारागीर येतात, मुसलमान पेशंट, त्यांनाही ते डुकराचं आहे हे ऐकून धक्का बसतो. एक जण मौलवींना विचारून आला, जीव वाचवायला चालतं म्हणाला आणि टेबलावर झोपला.

मी विचारलं, आणि तू कोणाला विचारलंस?

ती म्हणाली, मी तुलाच विचारतेय.

मला उत्तर आलं नाही. चातुर्मासात महासतीजींपुढे विषय काढला, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. हिंसा ती हिंसाच, तिला दुसरं नाव देऊ नये, पण करणाऱ्याच्या मनात काय आहे तेही मोजलं जातं, अशा अर्थाचं त्या बोलल्या. मला घरी येताना वाटत राहिलं की तिच्या मनाचा हिशेब सरळ आहे. ती रोज डोळे उघडे ठेवून करते आणि आलोचना करते. माझ्या शिऱ्यात डाळ, तूप, साखर, सगळं निर्दोष होतं.

यंदा तिची परीक्षा झाली. आता नाशिकला एका हॉस्पिटलमध्ये लागलीय, लग्नही झालंय, तिच्याच पसंतीनं, भूल देणारा डॉक्टर आहे, जेवायला मात्र दोघांनाही वेळ नसतो. अमेरिकेला गेली असती तर २०२२ लाच शिकून मोकळी झाली असती. तीन वर्षं आधी. हा हिशेब मी अनेकदा केला आहे, आणि माझ्या प्रार्थनेनं कॉम्प्युटर फिरला नाही हेही मला कळतं. तरी संवत्सरीला शेवटचा फोन तिला लावला. म्हटलं, घाईत आहेस का. म्हणाली, दहा मिनिटं आहेत, पुढच्या पेशंटला आत घेतायत.

मी सांगितलं. सामायिकीत काय मागत होते ते, धुळ्याचं, धुळवडीच्या रात्रीचं, शिऱ्याचं. पलीकडे ट्रॉलीचा आवाज येत होता.

बराच वेळानं ती म्हणाली, मम्मी, शिऱ्यात त्या दिवशी केशर होतं. तू केशर फक्त पास झाल्यावर घालतेस.

म्हणजे तिला माहीत होतं. आठ वर्षं.

मी मिच्छामि दुक्कडं म्हटलं. तिनंही म्हटलं, आणि मग म्हणाली, पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मालेगावात ओपीडी सुरू करतेय, तुझ्या ओळखीत कोणाचे पाय दुखत असतील, चालताना पोटरीत गोळा येत असेल, जखम भरत नसेल, त्यांना पाठव. माग चालवणारे बारा-बारा तास उभे असतात, त्यांच्या शिरा बघायच्यात. आणि कोणाचा पाय अचानक गार पडला तर शनिवारची वाट बघायची नाही, तेल चोळायचं नाही, शेक द्यायचा नाही, लगेच गाडी काढायची आणि निघतानाच फोन करायचा.

मी दारावर लिहून चिकटवलंय. तुम्हीही लिहून ठेवा.